आधी आज्जीला विचारा, मग फोटो पुसा

जुना फोटो घेऊन कुणी माझ्याकडं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हा साफ होईल का?" मी विचारतो, "यात कोण कोण आहे?" मधल्या खुर्चीवरच्या फेटेवाल्यावर बोट ठेवून सांगतात, "हे आमचे पणजोबा." शेजारची बाई? "पणजी असणार." मागं उभी असलेली दोन पोरं? त्याला उत्तर नसतं. घरात कुणाला माहीत असेल? "थोरल्या आत्तींना असेल, पण त्या आता नव्वदीला आल्यात." मग मी फोटो परत देतो आणि सांगतो, आधी आत्तींकडं जाऊन या. फोटोचं काम दिवाळीनंतरही होईल.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपासच्या फोटो स्टुडिओंमध्ये माझी उमर गेली. डार्करूम, निगेटिव्हवरचं रिटचिंग, ब्रोमाइडवर हातानं रंग भरणं, मोठे एन्लार्जमेंट, सगळं केलं. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुऊन काढलेलं ब्रोमाइड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद, शंभर वर्षंही टिकतं. त्यातल्या माणसांची नावं मात्र दोन पिढ्यांत पुसतात, आणि ती कुठल्याच रसायनानं परत येत नाहीत. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा : आधी विचारणं, मग लिहिणं, मग प्रत काढणं, आणि डागडुजी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलट्या टोकानं सुरू करतात.

विचारायला बसताना

अख्खी पेटी घेऊन जाऊ नका. चारसहा फोटो निवडा, जास्त माणसं असलेले. त्यांचे मोबाईलवर फोटो काढून झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर मोठे करून आणा. म्हाताऱ्या डोळ्यांना पोस्टकार्डाएवढ्या फोटोतलं तोंड दिसत नाही, आणि दिसत नाही हे सांगायचा त्यांना संकोच वाटतो, म्हणून "आठवत नाही" म्हणतात. मोठ्या कागदावर तोंड दिसलं की बोलायला लागतात. शिवाय त्या कागदावर तुम्हाला पेन चालवता येतो. प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि खाली आकड्यापुढं नाव लिहा. मूळ फोटोला हातही लावायला नको.

वेळ दुपारची बरी, जेवण आणि डुलकी झाल्यावर, चहाच्या आधी. टीव्ही बंद, शक्य असेल तर पंखाही बंद, कारण रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आवाजाच्या वर चढते. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगून टाका. चोरून घेतलेला आवाज पुढं कुणाला ऐकवता येत नाही. पाऊण तास झाला की थांबा, माणूस दमतो.

"आज्जी, तुझा जन्म कुठल्या सालचा?" असा प्रश्न पहिल्यांदा विचारला की ती शाळेतल्या परीक्षेसारखी आवरून बसते. त्यापेक्षा फोटोतल्या वस्तूंना हात घाला. ही साडी तुझी का मागून आणलेली? फोटो काढायला गावातनं कशानं आलात, बैलगाडीनं का एसटीनं? हा साज कुणाचा? कोल्हापुरात साजाचा प्रश्न कधी वाया जात नाही. साज सासूनं घातलेला असतो, विहीर काढताना गहाण पडलेला असतो, सोडवलेला असतो, थोरल्या लेकीच्या लग्नात मोडून त्याच्या दोन माळा झालेल्या असतात. एका दागिन्याचा माग काढला की घरातली तीस-चाळीस वर्षांची आर्थिक कहाणी हाती येते, आणि ती सांगताना माणसांची नावं आपोआप बाहेर पडतात.

नावांचं मात्र चिवटपणे विचारायचं. आपल्याकडं प्रत्येक घरात एक आबा, एक तात्या, एक आक्का, एक बाळू. "हे आबा" एवढंच लिहून ठेवलं तर नातवाला काही कळणार नाही. पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव आणि हाकेचं नाव, तिन्ही लिहा. बायकांच्या बाबतीत याहून जास्त काळजी घ्या. लग्नात नाव बदललं की माहेरचं नाव कागदावरूनच जातं. अशा कितीतरी पणज्या आहेत की ज्यांचं माहेरचं नाव आज घरात एकालाही सांगता येत नाही. तिचं माहेरचं नाव, आडनाव, गाव आणि तिच्या भावाचं नाव, एवढं मिळवा. भावाचं नाव यासाठी की त्या घरात अजून कुणी असेल, आणि त्यांच्याकडं तिचा लग्नाआधीचा फोटो निघायची शक्यता असते. तुमच्या पेटीत नसलेला.

जमलं तर दोघींना एकत्र बसवा, नणंद आणि भावजय असेल तर उत्तमच. एक म्हणेल, "ही सुमीच्या बारशाची पंगत." दुसरी म्हणेल, "कुठली गं, सुमीच्या बारशाला मी माहेरी होते, ही वास्तुशांतीची." मध्ये पडून निकाल लावू नका. दोन्ही लिहा, कोण काय म्हणालं तेही लिहा. भांडता भांडता त्या ज्या बारीक गोष्टी पुराव्यादाखल सांगतात, त्याच आपल्याला हव्या असतात.

सालं कुणालाच आठवत नाहीत. प्रसंग आठवतात. पंचांगापेक्षा गावावर काय काय आलं ते विचारा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीतून वाचलेला आजा म्हणजे १९१८च्या आधी जन्मलेला. वळिवड्याच्या कॅम्पात पोलंडची निर्वासित माणसं होती ती १९४३ ते १९४८, आणि पुढं तिथंच सिंधी कुटुंबं येऊन गांधीनगर झालं. गांधीजींच्या खुनानंतरची जाळपोळ १९४८ची. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, आणि तो अंगावर अनुभवलेलं माणूस त्या वेळी कुठल्या खोलीत झोपलं होतं, कडेवर कुठलं पोर होतं, हे न चुकता सांगतं. मग बहात्तरचा दुष्काळ. "हा फोटो भूकंपाच्या आधीचा का नंतरचा?" या एका प्रश्नानं निम्मी पेटी दोन ढिगांत विभागली जाते.

फोटो काय सांगतो आणि काय लपवतो

हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण लपवायचं काम आमच्याच हातांनी व्हायचं.

पूर्वी देवीचे व्रण असलेली माणसं पुष्कळ होती. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण फोटोत ते व्रण दिसलेले त्याला आवडायचे नाहीत. निगेटिव्ह रिटचिंग डेस्कवर ठेवून टोकदार पेन्सिलीनं एकेक व्रण भरायचा, की प्रिंटवर गाल तुळतुळीत. रंग उजळ करायचा, गळ्याखालच्या सुरकुत्या घालवायच्या, हेही रोजचं. तेव्हा भिंतीवरच्या पणजोबांचा गुळगुळीत चेहरा बघून खात्री धरू नका. ज्यांनी त्यांना बघितलंय त्यांना विचारा : तोंडावर व्रण होते का? एक डोळा बारीक होता का? चालताना कसे चालायचे? फोटोनं पुसलेलं हे माणसाच्या तोंडून परत मिळतं.

दुसरं, जोडफोटो. नवरा-बायकोचा एकत्र फोटोच नसायचा. त्याचा कुठल्या तरी ग्रुप फोटोतला, तिचा कुणाच्या लग्नातला, दोन्ही कापून शेजारी चिकटवायचे, सांधा ब्रशनं रंगवायचा, पुन्हा फोटो काढायचा आणि मोठा करून द्यायचा. ओळखायचं असेल तर नाकाची सावली बघा. त्याच्या नाकाची सावली डावीकडं आणि तिच्या नाकाची उजवीकडं पडली असेल, तर ते दोघं त्या फोटोत कधी शेजारी बसलेच नव्हते. खांद्यांच्या कडेला धुरकट पट्टा दिसला तरी तेच समजा. मग मूळ दोन फोटो कुठं आहेत ते शोधायला लागा, त्यांत आणखी माणसं असतील.

तिसरं सांगताना जड जातं. कित्येकांचा आयुष्यातला एकमेव फोटो मेल्यानंतर काढलेला असायचा. घरचे येऊन सांगायचे, भिंतीला टेकवून बसवलंय, चला. नंतर प्रिंटवर आम्ही डोळे उघडे रंगवायचो. तुमच्या घरच्या एखाद्या फोटोतली नजर विचित्र स्थिर वाटत असेल, मान कलती असेल, तर मोठ्यांना हळू आवाजात, एकट्यात विचारा. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून विचारू नका. आणि तो फोटो लाजिरवाणा समजून फाडूही नका. हातातून गेलेल्या माणसाचं तोंड राहावं म्हणून कुणीतरी त्या दिवशी पैसे मोजलेत.

साल काढायला फोटोची पाठ आणि पार्श्वभूमी उपयोगी पडते. पुठ्ठ्याच्या माउंटवर खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं असतं, तिरका उजेड पाडला की वाचता येतं. मागचा रंगवलेला पडदा नीट बघा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर ज्या गावात झाले, तिथल्या स्टुडिओंनाही पडद्याची हौस होती : कमानी, जिना, तळं. तोच पडदा, तीच खुर्ची, तेच जाजम दोन फोटोंत आलं तर ते एकाच स्टुडिओचे आणि जवळपासच्या वर्षांतले. एकाचं साल कळलं की दुसऱ्याचं अंदाजानं लिहिता येतं. चौकोनी, लहान, पांढऱ्या कडेचे काळे-पांढरे फोटो बहुधा घरातल्या बॉक्स कॅमेऱ्याचे, अ‍ॅगफा क्लिक थ्रीसारख्या. ते साधारण साठ-सत्तरच्या दशकांतले. लालसर पडलेले रंगीत फोटो त्यानंतरचे. कोटाचा खिसा किंवा बटणं उलट्या बाजूला दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय, पणजोबा डावरे होते असा निष्कर्ष काढू नका.

भाऊबंदकी

वंशावळ विचारायला चुलत घरात गेलात की समोरच्याच्या मनात पहिलं येतं ते सातबाऱ्याचं. पोरगं अचानक पणज्याची नावं विचारायला लागलंय म्हणजे वारस नोंद, म्हणजे वाटणी. तेव्हा चपला काढायच्या आधी सांगा की जमिनीशी याचा संबंध नाही, आणि जाताना त्यांना देण्यासाठी त्यांच्या घरच्या माणसाच्या एखाद्या फोटोची चांगली प्रिंट घेऊन जा. कागद मागायला नव्हे, द्यायला आलाय हे दिसलं की दार उघडतं. पहिल्या भेटीत कुणाकडूनही मूळ फोटो मागू नका. तिथल्या तिथं मोबाईलवर प्रत घ्या.

काही गोष्टी अशा निघतील की ज्या ग्रुपवर टाकायच्या नसतात. दुसरं लग्न, दत्तक, विहिरीत गेलेली सून. सांगणाऱ्याला विचारा, हे कुणाला कळलेलं चालेल? "मी असेपर्यंत नको" म्हणाले तर लिहून पाकिटात घाला, वर तारीख आणि त्यांची अट लिहा, आणि ती पाळा.

कागदपत्रांत सगळ्यात उपयोगी शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात जन्मगाव सापडतं. जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका, नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली ती सोयीची तारीख. जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदींत भावांची आणि विधवांची नावं मिळतात. शके दिसलं तर ७८ मिळवा, इसवी सन येतं, एखाद्या वर्षाचा फरक धरा. मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या, आणि संस्थानकाळचं काही शोधायचं असेल तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. तुमच्या गावात अजून हेळवी येत असेल तर त्याला चहा पाजून बसवा. बैलावर बसून येणारा, घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणणारा हेळवी आपल्याकडं आणि कर्नाटकात भेटतो. तो म्हणत असताना रेकॉर्ड करा. बहुतेक नावं पुरुषांचीच असतील, बायकांची नावं तुम्ही आत्तींकडून आणलेली असतील, ती शेजारी लिहायची.

प्रत काढणं

स्कॅनर मिळाला तर पोस्टकार्डाएवढ्याला ६०० डीपीआय, पासपोर्टाएवढ्याला १२००, मोठ्या फोटोला ३०० पुरतं. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडवरच स्कॅन करायला सांगा, डागांचा पिवळेपणा वेगळा राहतो आणि पुढं तो काढता येतो. टिफ फाइल मागून घ्या. पाठीवर काही लिहिलं असेल तर पाठही स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, उन्हाची तिरीप नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवा, मोबाईल बरोबर वरून समांतर धरा, फ्लॅश बंद. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, इमल्शन, म्हणजे फोटोचा वरचा थर, काचेवरच राहील. काचेसकट फोटो घ्या. अंगावर गडद कपडे घाला किंवा मोबाईलच्या मागं काळं कापड धरा, चकाकी जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन जातो. फाइलचं नाव आयएमजी आणि आकडे असं ठेवू नका. "१९६२ अंदाजे, थोरल्या काकांचं लग्न, गंगावेस" असं ठेवा.

रंग भरणारी आणि चेहरा उजळणारी अ‍ॅप आता पुष्कळ निघालीत. हौस म्हणून वापरा, पण मूळ स्कॅन वेगळा ठेवा आणि सुधारलेल्या फाइलवर तसं लिहा. ती अ‍ॅप धूसर डोळ्याच्या जागी दुसराच डोळा बसवतात. आम्ही पेन्सिलीनं व्रण भरायचो तेव्हा माणूस समोर बसून गेलेला असायचा, निदान नाक त्याचंच राहायचं.

मूळ फोटो

लॅमिनेशन करू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी दरमहा कुणीतरी करून आणतं. त्या उष्णतेनं आणि गोंदानं फोटो कायमचा अडकतो, परत सुटत नाही. पाठीवर बॉलपेन नको. मऊ पेन्सिल, टू-बी, कडेला, हलक्या हातानं. नंतरच्या प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथं पाकिटावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दात साफ करायच्या दोऱ्यानं, मागून करवतीसारखा सरकवत सोडवा. नाहीच सुटले तर अख्खं पान स्कॅन करून तसंच ठेवा.

देवघराशेजारी लावलेल्या फोटोवर उदबत्तीचा धूर, ओल्या हाराचं पाणी आणि पावसाळ्यात भिंतीची ओल, तिन्ही येतात. तिथं प्रत लावा. हार प्रतीलाही तेवढाच शोभतो. मूळ फोटो साध्या, न छापलेल्या कागदात गुंडाळून, शक्यतो आम्लरहित, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माळ्यावर नको, पत्र्याखालच्या तापानं वाट लागते. डांबराच्या गोळ्या फोटोच्या डब्यात नकोत. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्यानंतर बदला. काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर एकावर एक रचू नका, प्रत्येकीला पाकीट, आणि उभ्या ठेवा. त्यांना पाणी लावू नका.

पंचगंगेच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी वेगळं. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांनंतर लोक चिखलात भिजलेले अल्बम घेऊन आले, आणि बरेचसे हातचे गेले होते, कारण उन्हात वाळवून आणले होते. भिजलेले फोटो एकमेकांवर वाळले की वीट होते. स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पाण्यातच एकेक अलग करा, तोंडाकडची बाजू चोळू नका, आणि सावलीत सुती कापडावर तोंड वर करून पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. फ्रेममधला ओला फोटो ओला असतानाच काढा. हातानं रंगवलेले फोटो पाण्यात ठेवू नका, रंग सुटतो, ते नुसते वाळवा. दोन दिवसांत सगळं होणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते, नंतर सावकाश काढा. पण हे करायची वेळच येऊ नये. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागली की डबा वरच्या मजल्यावर गेला पाहिजे. ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीची वाट बघू नका, तेव्हा माणसं आणि जनावरं हलवायची असतात.

एक पेन ड्राइव्ह डब्यात, एक प्रत इंटरनेटवर, आणि एक अख्खा संच लग्न होऊन गेलेल्या लेकीकडं, आवाजाच्या फाइलींसकट. फोटो मुलाकडंच ठेवायचे असा आपल्याकडं रिवाज आहे, आणि त्या रिवाजापायी दुधाळीतल्या एका घरातल्या चार पिढ्यांचे फोटो पुरात एका रात्रीत गेलेले मी बघितलेत. त्यांची लेक राजारामपुरीत होती, तिथं पाणी आलं नव्हतं.